तयार शॉवर ट्रे बसवल्याने खालच्या घरातील ओल थांबेल का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. ऐरोलीतील २५ वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचे घर आहे, बाथरूम ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब आहे, खालच्या घराच्या छताला ओल आली आहे आणि त्यांचा तगादा सुरू झाला आहे. एक कंत्राटदार म्हणतो की जुनी लादी न फोडता तिच्यावरच अ‍ॅक्रिलिकचा तयार शॉवर ट्रे बसवू, दोन दिवसांत काम संपेल आणि गळतीही थांबेल. तुमच्या ओळखीचे मिस्त्री मात्र सगळे खणून नव्याने लादी करायला सांगतात आणि तीन आठवडे मागतात. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत. मी हे काम ठाण्यात माझ्या घरी आणि नंतर नेरूळला भावाच्या घरी समोर उभी राहून करून घेतले आहे, आणि सोसायटीच्या समितीवर असताना गळतीच्या तक्रारींपायी अनेकांच्या मोऱ्या पाहिल्या आहेत. त्यावरून सांगते की तुमच्या घरी लादीच करा. ट्रे ही वाईट वस्तू नाही, पण ज्या कामासाठी तो तुमच्या गळ्यात मारला जात आहे, ते काम त्याच्याने होणार नाही.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण ८ ते १२ इंच खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे पाईप आणि नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचे, पाणी पाईपात नेणारे भांडे) बसवतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि कोब्यावर वाळू-सिमेंटच्या थरात लादी लावतात. लादी पाणी शोषत नसली तरी सांध्यांतले सिमेंट शोषते, त्यामुळे लादीखाली थोडे पाणी जाणारच, हे गृहीत धरूनच काम करायचे असते. ते पाणी अडवतो तो स्लॅबवरचा आणि कोब्यावरचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो थर कुठे फाटला किंवा ट्रॅपच्या कडेने सुटला की पाणी विटांमध्ये साठत जाते, आणि कोबा पुरता भिजल्यावरच खालच्या घराच्या छतावर पहिला डाग दिसतो. म्हणजे डाग आज दिसला असला तरी पाणी मुरायला लागून कितीतरी महिने झालेले असू शकतात.

आता जुन्या लादीवर ट्रे ठेवला तर त्यातले पाणी जाणार कुठे? त्याच जुन्या नहाणी ट्रॅपमध्ये. ट्रॅप आणि पाईप यांच्या सांध्यातून गळती असेल, आणि जुन्या इमारतींत मी ती सर्वांत जास्त वेळा तिथेच पाहिली आहे, तर ट्रे तेच पाणी अधिक शिस्तीने त्याच फटीत नेऊन सोडेल. गळती भिंतीतल्या गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपची असेल तर ट्रेचा तिच्याशी काही संबंधच नाही. शिवाय ट्रे झाकतो तो फार तर ३ फूट × ३ फूट भाग. कमोडपाशी आणि बेसिनखाली सांडणारे पाणी, बादलीतून उसळणारे पाणी, हे सगळे जुन्या लादीवरच पडत राहणार. फक्त शॉवरच्या कोपऱ्यातल्या लादीचे सांधे उघडले असतील आणि बाकी सर्व शाबूत असेल, तरच कंत्राटदाराचे म्हणणे खरे ठरेल. आणि तसे आहे की नाही हे त्याने तपासलेले तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही.

म्हणून लादी की ट्रे हे ठरवण्याआधी चार दिवस तपासणीला द्या. बाथरूमकडे येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून दोन दिवस आंघोळी दुसरीकडे करा. व्हॉल्व्ह उघडा असताना खालचे थेंब जोरात आणि बंद केल्यावर कमी, असा फरक तासाभरात जाणवला तर दोष बहुधा नळांना पाणी आणणाऱ्या दाबाच्या नळीत आहे. थेंब फक्त आंघोळीनंतर वाढत असतील तर ट्रॅप, सांडपाण्याचा पाईप किंवा जमीन यांपैकी काहीतरी गळते आहे. मग एक दिवस फक्त नहाणी ट्रॅपमध्ये थेट नळीने रंगीत पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाचे पाणी जमिनीवर पसरून ठेवा. कोबा आधीच भिजलेला असल्याने रंग उतरायला वेळ लागतो, आणि गळती बंद झाल्यावरही खालचे छत सुकायला काही आठवडे जातात, हे खालच्या घरच्यांना आधीच समजावून सांगा. ही ओल पावसाळ्यात वाढते का, हेही त्यांना विचारून घ्या. तसे असेल तर बाहेरच्या भिंतीचा गिलावा किंवा डक्टमधला (इमारतीचे पाईप ज्या उभ्या मोकळ्या जागेतून जातात तिथला) सामायिक पाईप हे कारण असू शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाईपच्या गळतीचा खर्च संस्थेचा आणि घरातल्या न्हाणीघर-सिंकच्या गळतीचा खर्च सदस्याचा असतो, त्यामुळे हे आधी कळलेले बरे.

खणायचे ठरले की मिस्त्रींना तीन आठवडे द्या, ते वाजवी मागत आहेत. मात्र कामाचा क्रम तुम्ही ठरवून द्या. २५ वर्षांच्या स्लॅबवर मोठे ब्रेकर मशीन चालवू देऊ नका, छिन्नी-हातोड्यानेच कोबा काढायला सांगा. २८ चौरस फुटांत ८ इंच कोबा म्हणजे जवळजवळ अर्धा घनमीटर, वजनाने सुमारे एक टन राबिट (फोडलेल्या कामाचा मलबा) निघेल, ते कुठे ठेवायचे आणि लिफ्टने न्यायचे की जिन्याने, हे सोसायटीकडून लेखी घ्या. स्लॅब उघडा पडल्यावर सळ्या गंजून फुगलेल्या दिसल्या तर त्यांची दुरुस्ती आधी व्हायला हवी. त्यानंतर पाईप आणि ट्रॅप नवे बसवायचे, पाण्याच्या नळ्यांची दाबाने चाचणी घ्यायची, आणि प्लंबरचे सगळे काम संपल्यावरच वॉटरप्रूफिंगला हात घालायचा. हा क्रम उलटला की सगळे वाया जाते. थर सुकल्यावर प्लंबर एखादा क्लॅम्प ठोकायला किंवा चर वाढवायला परत येतो, आणि त्या एका छिद्रातून पुढची दहा वर्षे पाणी झिरपते.

थर कसला, याची चर्चा लोक फार करतात. मला तो कसा लावला हे जास्त महत्त्वाचे वाटते. सिमेंट आणि पॉलिमरचे दोन भाग मिसळून लावायचे साधे मिश्रण घरच्या बाथरूमला पुरते. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे आधी सिमेंटचा गोलसर वाटा (कोपरा बुजवणारी गोलाई) करून घ्या, कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी दाबून बसवा, पहिला हात आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा मारा. थर भिंतीवर सगळीकडे निदान एक फूट आणि शॉवरच्या भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत चढवा. हे सगळे एकदा स्लॅबवर आणि पुन्हा कोब्यावर, लादीच्या आधी. कोब्याचे वजन कमी करायचे असेल तर विटांऐवजी हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरता येतात, मात्र ते पाणी पटकन पितात, तेव्हा वरच्या थरात जराही कसूर चालत नाही.

यानंतरची पाणी भरून ठेवण्याची चाचणी हा साऱ्या कामाचा गाभा आहे, आणि नेमकी हीच टाळली जाते. माझ्या घरी पहिल्या खेपेला कंत्राटदाराने रात्री पाणी भरले आणि सकाळी येऊन “बघा, पाणी आहे ना” म्हणत लादी लावायला घेतली. आठ महिन्यांनी खालच्या काकूंच्या छताचे पोपडे निघाले. दुसऱ्या खेपेला मी ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायला लावले, पाण्याच्या रेषेवर चारही भिंतींना पेन्सिलने खुणा केल्या आणि दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. २४ तासांनी पोलादी पट्टी लावून पाहिले तर पाणी खुणेच्या १२ मि.मी. खाली होते. बंद खोलीत दिवसभरात वाफ होऊन जाते ते दोन-तीन मि.मी.; बाकीचे पाणी कुठेतरी गेले होते. काकूंच्या घरी टॉर्च घेऊन गेले तर त्यांच्या छताला अजून काहीच दिसत नव्हते. वर येऊन ट्रॅपच्या काठावरून बोट फिरवले तेव्हा एका बाजूला थराखाली नखभर पोकळी लागली. जाळी तिथे ट्रॅपच्या गळ्यापर्यंत आलीच नव्हती. तो भाग खरवडून पुन्हा केला, पुन्हा पाणी भरले, आणि ४८ तासांनंतर पाणी फक्त चार मि.मी. उतरले. त्या गोष्टीला आता ११ वर्षे झाली, काकूंच्या छताला डाग नाही. तुम्हीही ४८ तास द्या, खालच्या घरच्यांना समोर बोलावून खुणा दाखवा, आणि कंत्राटदाराच्या पैशांचा मोठा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, असे कागदावर लिहून घ्या.

लादीच्या कामात दुसरी जागा जपायची ती उताराची. शॉवरच्या भागात दर फुटाला साधारण ५ ते ६ मि.मी. ढाळ हवा, म्हणजे ३ फुटांत १५ ते १८ मि.मी. ट्रॅप मधोमध असेल तर चारही बाजूंनी उतार आणावा लागतो, आणि २ फूट × २ फूट लादीला तो वळवता येत नाही. तिरके काप द्यावे लागतात, ते दिसायला वाईट आणि कडांना धारदार. अशा ठिकाणी १ फूट × १ फूट किंवा त्याहून लहान लादी घ्या. मोठी लादीच हवी असेल तर भिंतीलगत लांबट जाळीचा चॅनेल बसवा, म्हणजे उतार एकाच दिशेने पुरतो. लादी लावून झाल्यावर सांधे भरण्याआधी दाराजवळ एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे थबकते ते पाहा. जिथे थबकेल तिथली लादी त्याच दिवशी उचलून घ्या, कारण नंतर कोणी उचलत नाही. दुकानात लादीवर आर११ अशी, पाय न घसरण्याची पकड दाखवणारी खूण आहे का ते विचारा. गुळगुळीत चकचकीत लादी भिंतीलाच शोभते. सांध्यांत इपॉक्सी भरा. आपल्याकडे डाग घालवायला अ‍ॅसिड ओतण्याची सवय सर्रास आहे, आणि ते सिमेंटचे सांधे खाऊन टाकते.

सासूबाईंच्या दृष्टीने पाहिले तर ट्रेची अडचण आणखी ठळक होते. जुनी लादी तशीच ठेवून ट्रेखाली त्याचा स्वतःचा ट्रॅप आणि जुन्या नहाणी ट्रॅपपर्यंतचे वळण बसवायचे तर ट्रे ६ ते ८ इंच उचलावा लागेल. म्हणजे ओल्या पायाने एवढी पायरी चढायची आणि उतरायची. शिवाय आपल्याकडे वयस्क माणसे शॉवरखाली उभी राहत नाहीत. पाटावर किंवा स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करतात. पातळ अ‍ॅक्रिलिकवर स्टुलाच्या चार पायांचा भार चार ठिपक्यांवर येतो, भरलेली बादली आपटते, आणि दिवाळीत अंगाला तेल लावून बसले की ती जागा विलक्षण निसरडी होते. खरखरीत लादीवरही तेल सांडतेच, पण तिथे पायाला पकड मिळते आणि उटण्याने घासून ती धुताही येते. शॉवरचा भाग आणि बाकी बाथरूम यांच्यामध्ये उंच कठडा न घालता अर्धा-पाऊण इंचाची कडाप्प्याची पट्टी पुरे, आणि भिंतीत पकडायचे दांडे बसवायच्या जागा लादी लागण्याआधीच ठरवून घ्या, म्हणजे नंतर थराला भोके पडणार नाहीत.

ट्रे कुठे योग्य, तेही सांगते, कारण माझ्या भावाकडे आम्ही एका बाथरूममध्ये तो मुद्दाम बसवला आणि त्याचा काहीही त्रास नाही. जिथे फक्त उभ्याने शॉवर घेतला जातो, काचेचा कप्पा आहे, सांडपाण्याचा पाईप स्लॅबखालून थेट डक्टमध्ये जातो आणि खाली स्वतःचीच खोली आहे, अशा रो-हाऊसच्या वरच्या मजल्यावर तो चांगला चालतो. सांधे नसल्याने साफसफाई सोपी, आणि उतार कारखान्यातच घातलेला असतो, गवंड्याच्या हातावर अवलंबून राहत नाही. मात्र तो पोकळीवर ठेवायचा नाही. सिमेंट-वाळूच्या सलग गादीवर बसला पाहिजे, नाहीतर पाऊल पडताच तो किंचित दबतो, दबला की भिंतीकडचा सिलिकॉन सुटतो आणि पाणी मागे उतरू लागते. तो भिंतीच्या लाद्यांआधी बसवायचा, म्हणजे लादी ट्रेच्या उभ्या कडेवरून खाली येते. तुमच्या कंत्राटदाराच्या योजनेत भिंतीची लादी जुनीच राहणार असल्याने सगळा भरवसा त्या एका सिलिकॉनच्या रेघेवर आहे. ट्रेखालीही वॉटरप्रूफिंग लागतेच. घोडबंदर रस्त्यावर टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की अ‍ॅक्रिलिकवर बसलेले पांढरे थर तारेच्या घासणीने काढता येत नाहीत, चरे पडतात.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना नव्या इमारतीचा ताबा मिळून ५ वर्षे झालेली नाहीत, त्यांनी बाथरूम फोडण्यापूर्वी विकासकाला लेखी तक्रार द्यावी. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्याप्रमाणे या मुदतीत कळवलेला कामातला दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि आपणच आधी फोडून ठेवले तर दोष कोणाचा यावर वाद होतो.

तुमच्याकडे हे काम जूनच्या आधी संपेल अशा बेताने सुरू करा, कारण पावसाळ्यात स्लॅब आणि थर सुकायला फार वेळ लागतो. कोबा निघाला की दोन मापे घेऊन इथे लिहा: दाराच्या उंबरठ्यापासून उघड्या स्लॅबपर्यंतची खोली, आणि डक्टमध्ये शिरणाऱ्या सांडपाण्याच्या पाईपचा तळ स्लॅबपासून किती वर आहे ती उंची. तेवढ्यावरून ट्रॅप कुठे बसेल आणि उताराला किती जागा उरेल, याचे गणित आपल्याला लादी विकत घेण्याआधीच करता येईल.