घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपचा शेअर केलेला फोल्डर दिसतो, पण पिन बरोबर टाकूनही उघडत नाही. काय करू?

पिन नको, ज्या लॅपटॉपवर फोल्डर आहे त्याच्या खात्याचा पासवर्ड टाका. विंडोजचा पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. माझ्याकडचे विंडोज ११ चे दोन लॅपटॉप असेच जोडलेत. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल लिहा. मात्र खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर हे जमणार नाही, कारण रिकाम्या पासवर्डने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग त्या लॅपटॉपवर पासवर्ड असलेलं वेगळं लोकल खातं (फक्त त्या लॅपटॉपपुरतं असलेलं) उघडा आणि फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्याला परवानगी द्या. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ (शेअर केलेल्या फोल्डरसाठी पासवर्ड मागणारी विंडोजची सेटिंग) बंद करायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. ती बंद केली तर तुमच्या वायफायवर आलेल्या पाहुण्यालाही फोल्डर उघडा मिळू शकतो.