अमेरिकेत राज्याच्या खात्याने अर्ज फेटाळला तर फेडरल (केंद्राच्या) डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं का? ही कोर्टं आणि राज्याची खाती यांची रचना कशी असते?

बहुतेक वेळा नाही जाता येत. "फेडरल म्हणजे वरचं कोर्ट" असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. मी ऐकलं आणि ३१ दिवस घालवले.

बायको नाशिकची, शिक्षणाने नर्स. न्यू जर्सीत राज्याच्या एका परवाना मंडळाकडे तिने अर्ज केला. पदवीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर मधे माझं नाव, आडनावही माझं. तीनपैकी दोन नावं वेगळी, मग ही तीच व्यक्ती कशावरून? अर्ज फेटाळला. दोन पानी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात अपिलाची मुदत होती, ४५ दिवस.

मेव्हणा इथे माझ्या कितीतरी आधीपासून. त्याने ठासून सांगितलं, "राज्याची माणसं राज्याविरुद्ध निकाल देतील का? सरळ फेडरलला जा." आपल्याला हे पटतं, कारण भारतात एकच जिना आहे: जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, पायऱ्या त्याच. इथे शेजारीशेजारी दोन वाडे आहेत, एक केंद्राचा, एक राज्याचा, आणि प्रत्येकाचा जिना वेगळा.

महिनाभर कागद जमवून आम्ही नेवार्कच्या फेडरल कोर्टात गेलो. दाव्याची फी ४०५ डॉलर. फॉर्मवर एक चौकट होती, हा दावा या कोर्टात कशाच्या आधारावर? अमेरिकन सरकार पक्षकार आहे, फेडरल कायद्याचा प्रश्न आहे, की वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधला वाद आहे (तोही ७५,००० डॉलरच्या वरचा)? बायकोने विचारलं, "आपण यातलं काय?" माझं पेन तिथेच थांबलं. खिडकीवरच्या बाई सौजन्याने बोलल्या, पण कायद्याचा सल्ला त्या देऊ शकत नव्हत्या. फी न भरता परत आलो.

आता रचना. देशात ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट आहेत. अख्खं न्यू जर्सी मिळून एकच, कोर्ट बसतं नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क यांना प्रत्येकी चार. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मंजुरी देते, नेमणूक तहहयात. राज्याच्या खात्यांशी या साखळीचा संबंध नाही. खाती गव्हर्नरच्या हाताखाली. न्यू जर्सीच्या राज्यघटनेने मुख्य खाती वीसच्या वर जाऊ दिलेली नाहीत, मंडळं त्यांच्या पोटात. वस्तुस्थितीवर वाद असेल तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी होते, पण अंतिम शब्द खात्याचाच. त्यावर अपील राज्याच्याच सुपीरियर कोर्टाच्या अपील विभागात.

आम्ही तिथे ४३व्या दिवशी अपिलाची नोटीस दिली. मग मंडळाने फाइल पुन्हा उघडली, विवाहाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पाहिलं, परवाना दिला. मेव्हणा अजून म्हणतो, कोर्टाने काय केलं, मंडळानेच दिला. नोटीस गेली म्हणून फाइल हलली! आणि "राज्याची माणसं" म्हणशील तर या कोर्टाचा न्यायाधीश आधी सात वर्षांसाठी नेमला जातो आणि फेरनेमणूक झाली की सत्तरीपर्यंत कायम. त्याला कुठल्या मंडळाची भीती?

एक राहिलं. अमेरिकेच्या घटनेने दिलेल्या हक्कांचा भंग किंवा भेदभाव झाला असेल तर फेडरलचा रस्ता उघडा असतो. अकराव्या घटनादुरुस्तीमुळे राज्याकडून पैशांची भरपाई मागणं अवघड, पण अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९०८च्या एक्स पार्टे यंग निकालापासून अधिकाऱ्याला बेकायदा कृतीपासून थांबवण्याचा दावा चालतो. इमिग्रेशन आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन योजना) हे विषय मुळातच फेडरल. मुदती राज्यागणिक बदलतात आणि मी वकील नाही. तुम्ही राज्य कोणतं ते लिहिलेलं नाही, म्हणून आधी तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचा आणि पत्रावरच्या तारखेपासून दिवस मोजा, शनिवार-रविवार धरून.