गाईडचा एच-इंडेक्स ३८, पण विद्यार्थ्यांचं काय?

पत्र थोडक्यात: मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली आहे, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही मिळाली आहे. पुण्यातच पीएच.डी. करायची आहे आणि दोन गाईड तिला घ्यायला तयार आहेत. एक ज्येष्ठ सर: पहिला पेपर ३२ वर्षांपूर्वीचा, आजवर २४० पेपर, गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ३८. दुसऱ्या तुलनेने तरुण मॅडम: पहिला पेपर ११ वर्षांपूर्वीचा, एकूण ३१ पेपर, संस्थेच्या पानावर स्कोपसचा एच-इंडेक्स १३. माझे मेहुणे प्राध्यापक आहेत. ते म्हणतात, ३८ समोर असताना १३चा विचार कशाला? मुलीचा ओढा मॅडमकडे आहे. हे आकडे वाचायचे कसे? — एक पालक, चिंचवड

नमस्कार,

मेहुण्यांचा हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो. सरांचा आकडा गूगल स्कॉलरचा आहे आणि मॅडमचा स्कोपसचा; पेपर आणि त्यांचे उल्लेख मोजणारे हे दोन वेगळे साठे आहेत. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे मसुदे), परिषदांचे गोषवारे, जे सापडेल ते मोजतं. स्कोपस निवडक नियतकालिकं, पुस्तकं आणि परिषदांची इतिवृत्तंच धरतं. त्यामुळे एकाच माणसाचा गूगल स्कॉलरवरचा आकडा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. आधी दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून घ्या. स्कोपसवर लेखकाचं नाव शोधून मूलभूत माहिती फुकट बघता येते. ओपनॲलेक्स या खुल्या साठ्याच्या संकेतस्थळावर तर हे मोफत बघता येतं.

आता एच-इंडेक्स म्हणजे काय ते बघू. ही कल्पना जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांमध्ये झालेल्या उल्लेखांच्या, उतरत्या क्रमाने लावायचे: ४८, ३३, २०, ११, ७, ६, ५, २, ०. सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत, सातव्याला ५च. म्हणून एच-इंडेक्स ६. पहिल्या पेपरला ४८ ऐवजी ४,८०० सायटेशन असती तरी उत्तर ६च येतं. आणि हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने दहा वर्षं प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही, तरी जुने पेपर सायटेशन मिळवत राहतात आणि आकडा चढत राहतो.

म्हणून हर्शनेच आणखी एक मोजमाप सुचवलं होतं: एच-इंडेक्स भागिले पहिल्या पेपरपासूनची वर्षं. सरांचं ३८ भागिले ३२, म्हणजे १.१९. मॅडमचं १३ भागिले ११, म्हणजे १.१८. तेही सरांना गूगल स्कॉलरच्या सैल मापाचा फायदा देऊन. मेहुण्यांना एवढं दाखवलंत तरी निम्मी चर्चा संपेल.

दोघंही केमिस्ट्रीतले आहेत, म्हणून निदान ही तुलना तरी शक्य आहे. गणितात सायटेशन मुळातच कमी असतात, वैद्यकीय संशोधनात भरपूर. सोयरीक जुळवताना पगार विचारावा तसा हल्ली सगळ्यांनाच एच-इंडेक्स विचारतात, पण गणितातल्या आणि जीवशास्त्रातल्या माणसाचे आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आकडे काढण्याआधी नावांचा गोंधळ निस्तरावा लागतो, आणि आपल्याकडे तो फार मोठा आहे. आडनाव पाटील, जोशी, कुलकर्णी किंवा शिंदे असेल आणि पुढे दोन आद्याक्षरं, तर गूगल स्कॉलर भलत्याच पाटलांचे पेपर बिनदिक्कत एकाच खात्यात ओततं. खातेदाराने ते काढले नाहीत तर तिथेच राहतात. स्कोपसमध्ये बऱ्याचदा उलट होतं. मधलं नाव एका पेपरवर वडिलांचं, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर गाळलेलं, की एकाच बाईंची तीन खाती तयार होतात. संस्थेच्या नावाचंही तसंच. जुन्या पेपरवर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’, नंतर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ आणि २०१४ नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. तिन्ही नावांनी शोधा. ऑर्किड क्रमांक असेल तर काम सोपं होतं. हा १६ अंकी क्रमांक त्या संशोधकापुरताच असतो. मात्र ऑर्किडवरची यादी माणूस बरेचदा स्वतःच भरतो, तेव्हा ती पूर्ण असेलच असं धरू नका. २४० पेपरपैकी वीस-पंचवीस दुसऱ्याच कुणाचे निघाले, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

यादी साफ झाली की खरं काम सुरू होतं, आणि ते तुमच्या मुलीनेच करावं. पूर्ण कारकीर्द सोडून द्या, फक्त गेल्या पाच वर्षांचे पेपर एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. रकाने असे ठेवा: वर्ष, नियतकालिक, पहिला लेखक, ताऱ्याची खूण कोणाच्या नावावर, एकूण लेखक, सायटेशन, रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा) की मूळ संशोधन. केमिस्ट्रीत साधारणपणे पहिलं नाव हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं आणि तारा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या, म्हणजे बहुधा गाईडच्या नावावर असतो. (गणितात आणि कणभौतिकीत नावं वर्णानुक्रमे लावतात, तिथे हा नियम लावू नका.)

समजा सरांचे पाच वर्षांत ७० पेपर निघाले आणि त्यातल्या ५०मध्ये त्यांचं नाव मधेच कुठेतरी आहे, तारा दुसऱ्याच संस्थेतल्या माणसाला आहे. याचा अर्थ फसवणूक असा काढू नका. त्यांच्याकडे एखादं मोठं उपकरण असेल, नमुने त्यांच्याकडे तपासायला येत असतील आणि त्याबदली नाव लागत असेल. पण मुलीच्या दृष्टीने मग उरलेले वीसच पेपर मोजायचे. त्या वीसमध्ये पहिलं नाव किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचं आहे? एकाच पोस्टडॉकचं (पीएच.डी.नंतर तिथे काम करणाऱ्या संशोधकाचं) नाव बारा वेळा दिसलं, तर बाकीच्या मुलांच्या वाट्याला काय आलं, हे विचारायला हवं.

सायटेशनची सरासरी काढू नका, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. एखाद्या रिव्ह्यू लेखाला शेकड्यांनी सायटेशन मिळतात आणि सरासरी फुगते. आठ पेपर चढत्या क्रमाने लावले आणि चौथ्या-पाचव्याला ६-७ सायटेशन असली, तर तो त्या गटाचा खरा अंदाज. स्वतःच्याच पेपरचे उल्लेख वगळून आकडे बघायचे तर स्कोपसचं सदस्यत्व असलेल्या ग्रंथालयातून बघावे लागतात; तिथे ती सोय एका खुणेवर आहे. थोडे स्व-उल्लेख असणारच, कारण काम मागच्या कामावरच उभं राहतं. पण ते वगळल्यावर आकडा निम्म्यावर आला, तर जरा थांबा.

कोण कोणाबरोबर लिहितं हे बघायला व्हीओएसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं. स्कोपसमधून यादी उतरवून त्यात टाकायची आणि सहलेखनाचा नकाशा काढायचा. कमीत कमी दोन-तीन पेपर असलेलेच लेखक घ्या, नाहीतर पडद्यावर नुसतं जाळं दिसेल. पंचविसाहून जास्त लेखक असलेले पेपर सॉफ्टवेअर आपणहून बाजूला ठेवू शकतं; ती सोय चालू असू द्या. ‘एस. बी.’ आणि ‘एस.’ ही दोन वेगळी माणसं म्हणून दिसतील, ती आधी एकत्र करा. मग वर्षानुसार रंग लावलेला नकाशा बघा. विद्यार्थ्यांची नावं काही वर्षं गाईडजवळ दिसून पुढे दुसऱ्या गटांकडे सरकली असतील, तर मुलं शिकून बाहेर पडताहेत. सगळे पेपर त्याच सहा-सात जणांत फिरत असतील आणि हीच माणसं एकमेकांना उद्धृत करत असतील, तर जगाने त्या कामाची दखल फारशी घेतलेली नाही. मॅडमचे सहलेखक मात्र जरूर तपासा. तरुण गाईडच्या यादीत बरेचसे पेपर त्यांच्याच जुन्या गाईडबरोबरचे असतात. स्वतंत्र काम कधी सुरू झालं ते ताऱ्यावरून कळतं.

यानंतर शोधगंगा. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या या ऑनलाइन भांडारात गाईडच्या नावाने प्रबंध सापडतात. नोंदीत पूर्ण झाल्याची तारीख असते. प्रबंधाच्या शेवटी बहुधा विद्यार्थ्याच्या पेपरची यादी असते. नोंदणीची तारीख मिळाली तर उत्तम. एका विद्यार्थ्याला किती वर्षं लागली आणि हातात किती पेपर आले, हे दोन आकडे तुमच्या मुलीला ३८पेक्षा जास्त उपयोगी आहेत. कारण साधं आहे: जेआरएफ आणि नंतरची एसआरएफ (तिचाच वरचा टप्पा) मिळून फेलोशिप पाच वर्षं चालते. नियमाने पीएच.डी.ला सहा वर्षं मिळतात. ज्या प्रयोगशाळेत मुलं सहाव्या वर्षात अडकतात, तिथे शेवटचं वर्ष घरच्या पैशावर काढावं लागतं. शोधताना एक लक्षात ठेवा: पाषाणच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सारख्या सीएसआयआर प्रयोगशाळेतले विद्यार्थी पूर्वी पुणे विद्यापीठाची पदवी घेत, आता बरेचसे ॲकसिर या सीएसआयआरशी जोडलेल्या संस्थेची घेतात. एकाच विद्यापीठाखाली शोधलंत तर अर्धे सापडणार नाहीत. मॅडमचे प्रबंध अजून फार नसतील, तो त्यांचा दोष नव्हे. तिथे चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्याशी बोलणं हाच मार्ग.

मागे घेतलेल्या पेपरसाठी रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३पासून क्रॉसरेफ या पेपरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुली आहे. तिथे नाव सापडलं तर कारण वाचा. चूक लक्षात आल्यावर स्वतःहून मागे घेतलेला पेपर ही लाजेची गोष्ट नाही. आकृत्यांमध्ये फेरफार ही मात्र आहे.

नियतकालिकांच्या बाबतीत एक सांगतो, कारण पुण्यात अजूनही ‘केअर लिस्टमध्ये आहे ना’ असं विचारतात. यूजीसी-केअर या मान्य नियतकालिकांच्या यादीचं काम इथल्याच विद्यापीठातून चालायचं, पण यूजीसीने २०२५ साली ती यादी बंद केली आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. तेव्हा कोणी ‘केअर-मान्य’ म्हणून पंधरा दिवसांत पेपर छापून देत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक, तो असणं म्हणजे दर्जा नव्हे. खरा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) क्लॅरिव्हेट या कंपनीचाच असतो. त्याच्यासारख्या नावाचे आकडे विकणारे पुष्कळ आहेत.

दोन नियम प्रवेशाआधी विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. सरांच्या आठ जागांपैकी खरोखर एखादी रिकामी आहे का? आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. ३२ वर्षांपूर्वीचा पहिला पेपर म्हणजे सर साठीच्या आसपास असणार. इथे तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर पत्रातल्या आकड्यांवरून सर वरचढ ठरत नाहीत. गेल्या पाच वर्षांत मॅडमच्या नावावर तारा असलेले सात-आठ पेपर असतील, त्यातले बरेचसे विद्यार्थ्यांच्या पहिल्या नावाचे असतील आणि प्रयोगशाळेला निदान तीन वर्षं चालेल एवढा चालू प्रकल्प असेल, तर मुलीचा ओढा बरोबर आहे. प्रकल्पाचं विचाराच, कारण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत रसायनं आणि सॉल्व्हंटचा खर्च फेलोशिपमधून भागत नाही. ताऱ्याचे पेपर दोन-तीनच निघाले, तर सरांकडची जागा आणि निवृत्तीची तारीख लेखी विचारून मग ठरवा.

आणि कुठेही गेली तरी पहिल्या आठवड्यात तिने ऑर्किड काढून घ्यावं. पेपरवर नाव कसं लिहायचं तेही तेव्हाच ठरवावं: मधलं आद्याक्षर ठेवायचं की नाही, आडनाव कोणतं. पुढे लग्नानंतर कागदोपत्री काहीही बदललं, तरी पेपरवरचं नाव तेच ठेवावं.