वडिलांना बारा वर्षं शुगर आहे, चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय. नवा चष्मा करावा का? आणि डोळ्याच्या पडद्यावर लेझर मारल्याने नजर जाते हे खरं का?

चष्म्याचं आधी. आत्ता नवा करू नका. रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं, भिंगाचा आकार बदलतो आणि नंबर सरकतो. शुगर ३०० असताना काढलेला नंबर ती १५० ला आल्यावर उपयोगाचा राहत नाही. चार ते सहा आठवडे शुगर एका पातळीवर टिकू दे, मग नंबर काढा. तोवर जुन्यावर भागवायचं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "त्यांना वाचता येतं, गाडी चालवतात, त्यामुळे पडदा तपासायची घाई नाही." या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. मी रेटिना, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, विभागात ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारा) आहे. हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं, आणि बहुतेकदा उशीर झाल्यावर.

लक्ष्मी रोडच्या चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून मिळतो तेव्हा पडदा कुणी बघितलेला नसतो. शुगरने पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात, त्यांना फुगे येतात, त्यातून पाणी आणि चरबी पाझरते, काही वाहिन्या बंदच पडतात. हे सगळं मधला भाग, म्हणजे मॅक्युला, सोडून चाललेलं असेल तर माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. ६/६, म्हणजे तक्त्यावर पूर्ण नजर, आलं तर मॅक्युला अजून काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आता लेझर. आमच्याकडे एक काका यायचे. निवृत्त, रोज पर्वती चढणारे, अंगाने सडपातळ, शुगर चौदा वर्षांची. "बारीक माणसाला शुगर बाधत नाही" अशी घरच्यांची खात्री. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात किती चरबी दडलेली असते हे पुण्यातूनच जगाला कळलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२.

काका चष्म्यासाठी आले, दोन्ही डोळे ६/६. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघू म्हटलं, तर "स्कूटर घेऊन आलोय, पुढच्या वेळी" म्हणून गेले. पुढची वेळ दोन वर्षांनी आली. उजव्या डोळ्यापुढे अचानक धूर पसरला होता, आत रक्तस्राव झालेला. डावा डोळा तेव्हाही ६/६. थेंब घालून बघितलं तर त्या डोळ्यातही डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं उगवलेलं. डाव्याला लेझर सुरू केलं. दुसऱ्या सिटिंगनंतर नवव्या दिवशी डाव्यातही थोडं रक्त उतरलं. "लेझरने चांगला डोळा घालवला," असं त्यांनी अख्ख्या सोसायटीत सांगितलं, आणि तिथल्या दोघांनी आपल्या लेझरच्या तारखा रद्द केल्या.

असं का झालं ते नीट समजून घ्या. वाहिन्या बंद पडल्या की पडद्याचा कडेचा भाग ऑक्सिजनविना उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्यामुळे नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या कच्च्या असतात, सहज फुटून रक्तस्राव करतात. लेझर या वाहिन्यांवर मारत नाहीत. तो कडेच्या उपाशी पडद्यावर मारतात, साधारण १२०० ते १६०० डाग, दोन-तीन सिटिंगमध्ये. उपाशी भाग कमी झाला की व्हीईजीएफ उतरतं आणि जाळं सुकतं. याला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात आधीच उगवलेली वाहिनी फुटू शकते. काकांची तीच फुटली. लेझर उशिरा सुरू झालं, हा दोष लेझरचा नाही.

डाव्या डोळ्यातलं रक्त दोन महिन्यांत निवळलं, उरलेलं लेझर पुरं केलं, नजर ६/९ वर थांबली. पेपर ते त्याच डोळ्याने वाचतात. लेझर न झालेल्या उजव्या डोळ्यात पडदा ओढला गेला, ऑपरेशन करूनही समोर धरलेली बोटं मोजण्यापुरतंच दिसतं. अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपॅथी (शुगरने होणारा पडद्याचा आजार) स्टडीत एकाच माणसाचा एक डोळा लेझरने डागला आणि दुसरा तसाच ठेवला होता. १९७६ साली निष्कर्ष आले: डागलेल्या डोळ्याची नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी.

लेझर अगदी निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कडेचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होतं, मॅक्युलाची सूज काही दिवस वाढू शकते. मॅक्युलालाच सूज असेल तर आधी डोळ्यात व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन देतात, एका वेळी ०.०५ मिली, सुरुवातीला दर महिन्याला. त्याचा असर उतरतो, म्हणून ते मधेच सोडणं फार वाईट. नव्या वाहिन्या उगवल्या असतील आणि वडील दर महिन्याला येतील याची खात्री नसेल, तर लेझर जास्त भरवशाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाइप २ मध्ये पडद्याची पहिली तपासणी शुगर कळली त्याच वर्षी व्हायला हवी. तुमची बारा वर्षं गेली आहेत, आता या आठवड्यातच जा. मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ससूनचा नेत्रविभाग आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि बीपीचे ताजे आकडे सोबत न्या. बीपी किंवा काचबिंदू असेल तर थेंब घालण्याआधी सांगा, कारण त्यात बहुधा फेनिलेफ्रिन हे बाहुली मोठी करणारं, बीपी वाढवू शकणारं औषध असतं. शुगरवाल्यांची बाहुली हळू मोठी होते, पाऊण तास धरून चला. नंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्यामुळे स्कूटर घरी, गॉगल खिशात, येताना रिक्षा. डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रेटिनोपॅथी कुठल्या टप्प्यावर आहे, मॅक्युलाला सूज आहे का, पुन्हा कधी यायचं.

इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइड हे शुगरचं औषध नव्याने सुरू करायचं ठरत असेल तर पडदा आधी दाखवा. बरीच वर्षं चढलेली शुगर झपाट्याने उतरली की पहिले काही महिने पडदा बिघडू शकतो. म्हणून औषध टाळू नका, फक्त त्या काळात तपासणी लवकर-लवकर करा. रक्त पातळ करणारी गोळी डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने स्वतःहून बंद करू नका.

आणि सकाळची गोळी घेऊन उपाशीपोटी नंबर लावून बसू देऊ नका. थेंब, ओसीटी (पडद्याचा स्कॅन), डॉक्टर असं करत तीन तास सहज जातात, आणि रांगेतच शुगर उतरून घाम फुटलेली माणसं आम्ही नेहमी बघतो. नाश्ता करून निघा, पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवा.