वाचक विचारतात: चिप्सच्या दुकानाची रांग

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. म्हणते, पिझ्झा-बर्गर गल्लोगल्ली मिळतात, तरी शुक्रवारी जुन्या ‘फिश अँड चिप्स’च्या (तळलेला मासा आणि बटाट्याचे तळलेले तुकडे) दुकानाबाहेर रांग असते. असं काय असतं त्यात?

उत्तर : यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्याच परगण्यात, राहत असताना त्या रांगेत मीही उभी राहिले आहे, थंडीत नाक गळत असताना. पहिलं कारण ताजेपणा. गरम तेलात पिठाचं आवरण लगेच कडक होतं आणि आतला मासा स्वतःच्याच वाफेत शिजतो. दहा मिनिटांत ते आवरण मऊ पडतं, म्हणून जाणकार दुकानदार रांग बघूनच तळतो. चिप्स जाड हव्यात. बारीक, कुरकुरीत काड्यांना तिथे कुणी चिप्स म्हणत नाही. वर मीठ आणि माल्ट व्हिनेगर (जवाचा सिरका), तेही सढळ हाताने!

दुसरं कारण सवय. ही दुकानं 1860च्या दशकापासूनची. पहिलं लंडनचं की लँकशरचं, हा वाद सुरूच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर रेशन होतं, मासे आणि बटाट्यांवर मात्र नव्हतं. शुक्रवारी मांस टाळायची, पण मासा चालतो अशी जुनी ख्रिस्ती प्रथा आहेच.

मुलीला एक सांगा. यॉर्कशरमध्ये अनेक दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात, चिप्ससुद्धा. चालत नसेल तर आधी विचारावं. वनस्पती तेल वापरणारीही आहेत. आणि माशांत कॉडपेक्षा हॅडॉक घ्यावा. तळणीतला चुरा, ‘स्क्रॅप्स’, मागितला की बहुधा फुकट मिळतो.