तार कोणाच्या हातून जाते, सगळं त्यावर होतं

प्रश्न असा आहे: “१९व्या शतकात तारयंत्र सगळ्याच मोठ्या देशांकडे होतं. मग साम्राज्यांच्या चढाओढीत त्याचा खरा फायदा ब्रिटनलाच कसा झाला?”

मी तारखात्यात मोर्सवर, म्हणजे टिंब-रेघांच्या खुणांनी तार पाठवायच्या यंत्रावर, काम केलंय, म्हणून आधी टेबलावरची गोष्ट सांगतो. लांबची तार टप्प्याटप्प्याने जायची. मधल्या तारघरातला माणूस साउंडरची, म्हणजे खुणा आवाजात वाजवणाऱ्या यंत्राची, कडकट ऐकत एकेक अक्षर कागदावर उतरवायचा आणि तोच मजकूर पुढच्या ठाण्याला पुन्हा वाजवायचा. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर तार कोणीतरी वाचलेली असायची. कुणाच्या घरचं माणूस गेलं हे त्या घराच्या आधी आम्हाला कळायचं, आणि ते पोटात ठेवावं लागायचं. आता असं समजा, की मधलं तारघर तुमच्या शत्रूचं आहे. तो तार वाचेल, हवी तेव्हा पुढे पाठवेल, नको असेल तर दाबून ठेवेल. तारयंत्र असणं वेगळं आणि वाट आपली असणं वेगळं.

ब्रिटनला हे हिंदुस्थानच्या वाटेवर कळलं. १८५७च्या १० मे रोजी मेरठला उठाव झाला; तिथून लंडनपर्यंत सलग तार नव्हती, म्हणून बातमी पोचली जूनच्या अखेरीस. त्यानंतर तांबड्या समुद्रातून तार टाकली, ती १८६० मध्येच निकामी झाली. सरकारने कंपनीला हमी दिलेली असल्यामुळे त्या मुक्या तारेपायी वर्षाला ३६,००० पौंड पुढची कित्येक दशकं भरावे लागले. मग १८६४ मध्ये इराणच्या आखातात तार टाकली आणि पुढच्या वर्षी आखाताच्या टोकाला फाओ इथे ती तुर्कस्तानच्या जमिनीवरच्या तारेला जोडली. वीस शब्दांना पाच पौंड मोजायचे आणि मजकूर कित्येक दिवसांनी पोचायचा, तोही मोडतोड होऊन, कारण मधल्या तारवाल्यांना इंग्रजी येत नव्हतं. १८७० मध्ये सीमेन्स या जर्मन कारखानदार बंधूंची जमिनीवरची लाइन सुरू झाली: बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस (आजचं तिबिलिसी), तेहरान. काम अप्रतिम होतं, लंडनहून कलकत्त्याला २८ मिनिटांत मजकूर पोचवून दाखवला. पण ती रशियातून जात होती, आणि मध्य आशियात ब्रिटनचा सामना रशियाशीच होता.

म्हणून समुद्र. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज, उष्णतेसाठी पांढरं रंगवलेलं, मुंबईहून एडनकडे तार सोडत निघालं. जूनमध्ये मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, कॉर्नवॉल अशी साखळी पुरी झाली. इजिप्तमधला जमिनीचा तुकडा सोडला, तर जवळपास सगळी वाट पाण्याखालून. मुंबईचं नाव या इतिहासात इतकं मध्यावर आहे आणि आपल्याकडे त्याची आठवणही निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची दोन दशकं ब्रिटिश कंपन्या तारा टाकत राहिल्या. १८९०च्या सुमारास जगातल्या समुद्री तारांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश त्यांच्या होत्या. फ्रान्सची कामाची तारही बऱ्याच ठिकाणी इंग्रजांच्याच टेबलावरून जायची.

याचा अर्थ १८९८ मध्ये सुदानात नाइलच्या काठी फशोदाला उघड झाला; त्या भागावर ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचाही डोळा होता. फ्रान्सचा कॅप्टन मार्शां दोन वर्षं आफ्रिका तुडवत, दीडशेच्या आत-बाहेर माणसं घेऊन १० जुलैला तिथे पोचला. १९ सप्टेंबरला ब्रिटिश सेनापती किचनेर आगबोटी आणि मोठी फौज घेऊन आला. दोघं भेटले, सभ्यपणे बोलले, झेंडे आपापल्या जागी राहिले. मग किचनेर खार्टूमजवळच्या ओमदुर्मानला परतला आणि तिथून कैरोमार्गे लंडनला तार केली. मार्शांकडे तार नव्हती. आपल्या माणसाचं काय झालं हे पॅरिसला इंग्रजांकडून कळलं. किचनेरच्या तारेत होतं, की फ्रेंचांची अवस्था बिकट आहे, दारूगोळा नाही, आम्ही पंधरा दिवस उशिरा आलो असतो तर ते संपले असते. प्रत्यक्षात मार्शांने ऑगस्टमध्ये एक हल्ला परतवला होता आणि ठाण्याशेजारी भाजीचा मळाही लावला होता. मार्शांला मायदेशाची बातमी मिळाली तीही किचनेरच्या माणसांनी दिलेल्या वर्तमानपत्रांतून: ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आल्याच्या प्रकरणाने फ्रान्स दुभंगलाय, ही. ते वाचून त्याचे अधिकारी रडले.

फक्त तारेमुळे फ्रान्स हरला असं मी म्हणणार नाही. ब्रिटनचं आरमार फार मोठं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये माघार ठरली त्यामागचं मुख्य कारण तेच. पण ऑक्टोबरच्या शेवटी मार्शांचा सहकारी बारात्ये स्वतः पॅरिसला येऊन खरी हकिगत सांगेपर्यंत, महिनाभर, फ्रेंच परराष्ट्रमंत्री देलकासे प्रतिपक्षाने लिहिलेल्या वर्णनावर वाटाघाटी करत होता.

पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी ब्रिटनचं युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनने तिथल्या तारांवर सेन्सॉर बसवला. मग फ्रान्स आणि जर्मनी स्वतःच्या तारांमागे लागले. १९०० मध्ये जर्मनीची तार तिच्या एम्डेन बंदरातून अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांमार्गे न्यूयॉर्कला पोचली. मात्र पाण्यापासून बचावासाठी तांब्याच्या तारेवर चढवायचा गटापर्चा, म्हणजे मलाया-बोर्निओतल्या झाडांचा चीक, यायचा सिंगापूरच्या बाजारातून. आणि सिंगापूर इंग्रजांचं होतं.