पुढच्या सिनेमाचा पैसा

अगं पोरी,

तुझा मेसेज परवा पॅकअपनंतर गाडीत वाचला. तीन ओळींत तीन तक्रारी. श्रेयनामावलीत नाव आलं नाही, हाताशी पैसा नाही, आणि निर्माती तर व्हायचंच आहे. फोन केला असता, पण फोनवर मी ओरडते. म्हणून हे पत्र.

आधी नावाचं बघू. हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओत एक तरुण आलेल्या पटकथा वाचून शेरे लिहायचा. स्टॅनफर्डचा इंजिनिअर. इंजिनिअरची नोकरी त्याने चार दिवसांत सोडली होती आणि स्टुडिओत तो टपाल वाटण्यापासून लागला होता. एका वेस्टर्नवर, म्हणजे काउबॉयच्या सिनेमावर, त्याने सूचना लिहून दिल्या. 1950 साली ग्रेगरी पेकला घेऊन 'द गनफायटर' आला, त्यात त्या सूचना होत्या, याचं नाव कुठेच नव्हतं. पोरगा नोकरी सोडून चालता झाला. हा रॉजर कॉर्मन, कमी पैशांत सिनेमे काढणारा अमेरिकन निर्माता-दिग्दर्शक. पुढे त्याने शेकडो सिनेमे काढले, 2009 साली मानद ऑस्कर घेतलं आणि 2024च्या मे महिन्यात, वयाच्या 98व्या वर्षी गेला. पण तू लगेच राजीनामा टाइप करायला बसू नकोस. तो तिथून ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकायला गेला, आणि नौदलात दिवस काढलेले असल्यामुळे खर्च सरकारने उचलला. तुझा कोण उचलणार?

आता पैसा. 1954चा त्याचा पहिला सिनेमा समुद्रातल्या राक्षसाचा, हातात रोख जेमतेम बारा हजार डॉलर. पेपरात त्याने एकट्याने चालवायच्या छोट्या पाणबुडीची बातमी वाचली आणि थेट कंपनीला फोन लावला. पाणबुडी फुकट मिळाली, बदल्यात पडद्यावर कंपनीचं नाव. ही गोष्ट सांगितली की तुझ्या वयाची मुलं खूश होतात, जुगाड म्हणतात. मला त्यात फारसं नवल वाटत नाही. आपला कुठलाही लोकेशनवाला असे चार फोन नाश्त्याच्या आधी करतो.

नवल आहे ते त्यानंतरचं. दुसरा सिनेमा, 'द फास्ट अँड द फ्युरिअस', सुमारे पन्नास हजार डॉलरमध्ये झाला. (2001च्या त्या गाड्यांच्या सिनेमाने नाव घेतलं ते ह्याच्याकडून.) वितरणासाठी मोठ्या कंपन्यांकडूनही विचारणा होती. पण कुणाला दिलं तर पैसे कधी परत येणार, याचा त्याने हिशेब मांडला. सिनेमा लागणार, थिएटरवाले आपला वाटा कापणार, वितरक त्याचा कापणार, उरलेलं कधीतरी याच्या हाती. तोवर हा घरी बसणार. म्हणून तो नव्या, छोट्या कंपनीकडे गेला, जी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झाली. अट एकच: सिनेमा देतो, पण पुढचे सिनेमे काढायला आगाऊ रक्कम द्या. हा पूर्ण व्हायच्या आत पुढचा ठरलेला. नफा कदाचित कमी झाला असेल, पण गाडं थांबलं नाही.

हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर! माझा एकमेव स्वतःचा सिनेमा तुला ठाऊक आहे. घर तारण ठेवून काढला, लोकांनी चांगलं म्हटलं, आणि वितरकाकडून पैसे यायला बावीस महिने लागले. त्या बावीस महिन्यांत कॅमेरामन हिंदीत गेला, आर्टवाला मालिकांत गेला, आणि मी पुन्हा दुसऱ्यांची व्हाउचरं तपासायला लागले. सिनेमा पडला नव्हता गं. फक्त पुढच्याची सोय मी केली नव्हती.

त्याच्या काटकसरीच्या गोष्टी नीट वाच, कारण लोक त्या अर्धवट सांगतात. 1960चा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' दुसऱ्या सिनेमाच्या उभ्या सेटवर दोन दिवस आणि एका रात्रीत झाला, हे सगळे सांगतात. त्याआधी नटांना घेऊन तीन दिवस तालमी केल्या होत्या आणि दोन कॅमेरे लावले होते, हे कुणी सांगत नाही. तुझ्या बजेटमध्ये शूटिंगचे बारा दिवस आहेत आणि तालमीचा एकही नाही, म्हणून लिहिते. आणि एवढ्या हुशार माणसाने त्या सिनेमाच्या हक्कांची नोंद मात्र केली नाही, पुढे याला काय भाव येणार म्हणून. 1982 साली त्यावरून न्यूयॉर्कमध्ये संगीत नाटक आलं आणि धो धो चाललं. कागद आधी कर, बाई.

त्याच्याकडून शिकून पुढे मोठे दिग्दर्शक झालेल्यांची यादी वाचून छाती दडपते: कोपोला, स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, जेम्स कॅमेरॉन. त्यातला एक प्रसंग माझा आवडता. 1981च्या 'गॅलेक्सी ऑफ टेरर'मध्ये कॅमेरॉनला तुटलेल्या हातावर वळवळणाऱ्या अळ्या दाखवायच्या होत्या. अळ्या ढिम्म. मग त्याने त्या हाताला वीज जोडली. 'अ‍ॅक्शन' म्हटलं की कुणीतरी बटण दाबायचं आणि अळ्या वळवळायला लागायच्या. 'कट' म्हटलं की निपचित. सेट बघायला आलेले दोन निर्माते अवाक झाले. हा माणूस अळ्यांकडून अभिनय करून घेतो! त्याच सिनेमात अंतराळयानाच्या भिंतींवर बर्गरची थर्माकोलची खोकी चिकटवून रंगवली होती. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा.

पण एवढ्यावर भारावू नकोस. कॉर्मन पैसे फार कमी द्यायचा, माणसं राबवून घ्यायचा. पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या रॉन हॉवर्डला तो म्हणाला होता की हे काम चांगलं केलंस तर माझ्याकडे परत कधी काम करावं लागणार नाही. लोक हसतात. त्यात खरेपणा आहे, पण मालकाची सोयही आहे. पंचविशीतल्या दिग्दर्शकाला कमी पैशांत संधी मिळते, त्याला पुढे कॅमेरॉन व्हायची आशा असते. लाइटदादाला कसली आशा? त्याला त्या दिवसाची मजुरी हवी असते. तू काटकसर कर, पण ती त्याच्या जेवणातून करू नकोस.

आणखी एक. त्याच्या आत्मचरित्राच्या नावातच कधी पैसा बुडवला नाही असा दावा आहे, आणि आतल्या पानांत 'द इंट्रूडर' आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शाळांत काळ्या मुलांना प्रवेश देण्यावरून पेटलेल्या द्वेषाचा 1962चा सिनेमा. मिझुरी राज्यात जाऊन, गावकऱ्यांचा रोष सोसत, भावाबरोबर पदरचे पैसे घालून केला. नाव झालं, पैसे बुडाले. त्यानंतर त्याने सांगायचं ते करमणुकीच्या पोटात लपवायला सुरुवात केली. मला तो निर्णय पटतो की नाही, हे आजही ठरत नाही. पण 1970 साली त्याने स्वतःची न्यू वर्ल्ड पिक्चर्स काढली आणि तुरुंगातल्या बायकांच्या मारधाडीच्या सिनेमांबरोबर बर्गमन, फेलिनी, कुरोसावा अशा परदेशी दिग्गजांचे गंभीर सिनेमे अमेरिकेत आणले. बर्गमनचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' तर ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरात लावला. गाडीत मक्याच्या लाह्या खात बर्गमन बघणारा माणूस डोळ्यांसमोर आण जरा.

रविवारी ये, अकरानंतर. बजेट घेऊन ये, पण 'इतर' नावाची ती साडेतीन लाखांची ओळ फोडून आण. आणि शेजारी एक रकाना वाढव: कुठला पैसा कुठल्या तारखेला परत येणार. तारीख माहीत नसेल तिथे पेन्सिलने लिही. खोडरबर माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई